३७१ किलोमीटरला एक तास वीस मिनिटं कशी लागतात? हीथ्रो ते स्किपोलचा खरा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी लंडनजवळ स्लाउला राहते, मुलगा अ‍ॅमस्टरडॅमजवळ अ‍ॅमस्टलवीनला. आई-वडील मुंबईहून आधी मुलीकडे येणार, मग आठवडाभर मुलाकडे जाणार आणि पुन्हा लंडनमार्गे घरी परतणार. लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळापर्यंत अंतर ३७१ किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या वर, म्हणजे अर्ध्या तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र जाताना १०.०० ते १२.२० आणि येताना १०.०० ते १०.२० असं छापलेलं आहे. एकाच रस्त्याला एकदा दोन तास वीस मिनिटं आणि एकदा फक्त वीस मिनिटं कशी, आणि आई-वडिलांना घेऊन जाताना खरा वेळ किती धरायचा?

मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणाआधी मार्ग, वारा, इंधन, पर्यायी विमानतळ यांचा आराखडा करून वैमानिकांच्या हाती द्यायचा, हे माझं रोजचं काम. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सारखा येतो. गोंधळ प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी होतो: लोक अंतरावरून वेळ काढतात. युरोपातल्या छोट्या मार्गांवर वेळ ठरवण्यात अंतराचा वाटा सगळ्यात कमी असतो.

आधी घड्याळाचा घोळ सोडवू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. नेदरलँड्स ब्रिटनच्या एक तास पुढे आहे. जाताना १०.०० ते १२.२० मधून तो तास वजा करा, १ तास २० मिनिटं उरतात. येताना १०.०० ते १०.२० मध्ये तो तास मिळवा, पुन्हा १ तास २० मिनिटंच. उन्हाळी वेळेची चिंता करू नका. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी काटे सरकवतात, त्यामुळे फरक वर्षभर एक तासच राहतो. भारताशी फरक मात्र बदलतो. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे आणि अ‍ॅमस्टरडॅम साडेतीन, हिवाळ्यात अनुक्रमे साडेपाच आणि साडेचार.

सूर्याच्या हिशेबाने खरं तर इथे एक तासाचा फरक नाहीच. स्किपोल ग्रीनिचच्या पावणेपाच अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जेमतेम १९ मिनिटं. मे १९४० पर्यंत नेदरलँड्सची स्वतःची वेळ ग्रीनिचपेक्षा २० मिनिटंच पुढे होती. जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतल्यावर घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली गेली आणि युद्ध संपल्यावरही ती तशीच राहिली. तुमच्या तिकिटावरचा तो जादा तास तिथून आलेला आहे.

आता अंतर. ३७१ हा आकडा बरोबर आहे आणि तो घरी कागद-पेन घेऊनही काढता येतो. हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४६ अंश पश्चिम, स्किपोल ५२.३१ अंश उत्तर आणि ४.७६ अंश पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ०.८४ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, तेव्हा हे झाले ५० सागरी मैल. पूर्व-पश्चिम बाजूला ग्रीनिचची रेषा मध्ये येते, म्हणून दोन्ही आकडे मिळवायचे: ५.२२ अंश. त्याला ६० ने गुणलं की ३१३. पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात, म्हणून या आकड्याला ५१.९ अंशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.६१७ ने गुणायचं. आले १९३ सागरी मैल. मग शाळेतला पायथागोरस: ५० चा वर्ग अधिक १९३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ साधारण २००. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांजवळ थोडी चपटी धरली, यावर कुठे ३७०, कुठे ३७१, कुठे ३७२ दिसतं. त्याने काही बिघडत नाही. हेलसिंकी ते लिस्बनसारख्या लांब पल्ल्याला मात्र हे सपाट गणित चालत नाही, तिथे गोलावरचं सूत्र वापरावं लागतं.

हे झालं पृथ्वीच्या पाठीवरचं सरळ अंतर, ज्याला ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. विमान त्या रेषेवरून उडत नाही. ते वाऱ्याकडे तोंड करून उठतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. लंडनला बहुतेक दिवस वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे जायचंय पूर्वेला आणि उड्डाण होतं पश्चिमेला. उठल्या उठल्या विमान उजवीकडे मोठं वळण घेतं, लंडनला उत्तरेकडून वळसा घालून ब्रुकमन्स पार्कच्या दिशेने जातं, मग एसेक्स ओलांडून उत्तर समुद्रावर येतं. पलीकडे स्किपोलला पोचणाऱ्या विमानांसाठी आकाशात तीन ठरलेले बिंदू आहेत आणि पश्चिमेकडून येणाऱ्यांचा बिंदू सुगोल नावाचा आहे. तिथून धावपट्टीपर्यंत पुन्हा वळणं. ही सगळी गोळाबेरीज करता प्रत्यक्ष उडालेलं अंतर सरळ रेषेपेक्षा बरंच जास्त भरतं.

वेगाचंही तसंच आहे. ए३२० किंवा ७३७ जातीचं विमान ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं हे खरं, पण ते उंचावर, सपाट उड्डाणात. दहा हजार फुटांखाली सर्वसाधारण नियम २५० नॉटचा आहे, म्हणजे ताशी ४६० किलोमीटर. वर चढताना वेग हळूहळू वाढतो. उतरायला कुठे सुरुवात करायची याचा आमच्याकडचा ढोबळ नियम असा: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. या मार्गावर विमान साधारण २५ हजार फुटांवर जातं, म्हणजे उतरण ७५ मैल आधी सुरू करायची, शिवाय वेग कमी करायला थोडे मैल हवेत. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर जातं. आता २०० मैलांतून हे दोन तुकडे वजा करून पाहा. ज्या ताशी ८३० किलोमीटरच्या वेगावर तुमचं अर्ध्या तासाचं गणित उभं होतं, तो वेग विमानाला मोजून दहाएक मिनिटंच मिळतो.

जमिनीवर जाणारा वेळ प्रवासी मोजत नाहीत, तिकीट मात्र मोजतं. तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची असते, चाकं जमीन सोडण्याची नाही. पोचण्याची वेळ म्हणजे विमान गेटवर थांबण्याची. या दोहोंमधल्या काळाला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. समजा तुमचं विमान १०.०० ला हललं. ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो, इंजिनं सुरू होतात, यात पाच-सहा मिनिटं जातात. मग टॅक्सीवेवरून धावपट्टीपर्यंत आणि रांगेत उभं राहणं. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि त्यांवरून वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-उतरणं करण्याची मर्यादा आहे. ती जवळजवळ पूर्ण वापरली जाते, म्हणजे दिवसाला सरासरी १,३००. चाकं जमीन सोडतात तेव्हा १०.२० झालेले असतात. हवेत ४५ मिनिटं. लंडनच्या घड्याळात ११.०५ ला विमान स्किपोलला टेकतं.

इथे माहीत नसलेल्या माणसाला धक्का बसतो, कारण विमान टेकल्यावर चालतच राहतं. स्किपोलला सहा धावपट्ट्या आहेत आणि त्यांतली पोल्डरबान २००३ मध्ये सुरू झालेली, ३,८०० मीटर लांब, टर्मिनलपासून खूप दूर वायव्येला. आवाजाचा त्रास कमी लोकांना व्हावा म्हणून ती हटकून वापरली जाते. तिथे उतरलं की गेटपर्यंत दहा ते वीस मिनिटं नुसतं जमिनीवरून जायचं. वाटेत पुलावरून मोटारींचा हमरस्ताही ओलांडायचा. खिडकीतून खाली गाड्या जाताना दिसतात, नातवंडं बरोबर असतील तर त्या बाजूची सीट घ्या. ही जमीन समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. पूर्वी इथे हार्लेमरमेर नावाचं सरोवर होतं, ते १८५२ मध्ये उपसून कोरडं केलं. गेटला थांबेपर्यंत लंडनमध्ये ११.२० वाजतात आणि तिथे १२.२०. तिकिटावरचा आकडा असा जुळतो.

उलट दिशेला अडचण हवेत येते. हीथ्रोला उतरणाऱ्यांची रांग आकाशात लागते. लंडनभोवती बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार जागा आहेत. तिथे विमानं एकमेकांपासून हजार हजार फुटांवर थर लावून लांबट गोल फेऱ्या मारतात. अ‍ॅमस्टरडॅमहून येणारं विमान सहसा लॅम्बोर्नला येतं. एक फेरी साधारण चार मिनिटांची, तीन फेऱ्या झाल्या की बारा मिनिटं गेली. वेळापत्रक करणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ती मिनिटं ब्लॉक टाइममध्ये आधीच धरलेली असतात. ज्या दिवशी फेऱ्या माराव्या लागत नाहीत त्या दिवशी विमान दहा-पंधरा मिनिटं लवकर पोचतं. मग बऱ्याचदा गेट रिकामं होईपर्यंत थांबतं.

कधी कधी दरवाजे बंद होऊनही विमान हलत नाही आणि कॅप्टन सांगतात की आपल्याला स्लॉट मिळालाय. युरोपचं आकाश भरलेलं असलं की युरोपची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या युरोकंट्रोल संस्थेचं ब्रसेल्समधलं केंद्र त्या उड्डाणाला उठण्याची ठरावीक वेळ देतं. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर, एवढीच फट असते. हवेत गिरक्या घेत इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबणं केव्हाही चांगलं, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. ओघात इंधनाचंही सांगतो, ४५ मिनिटांच्या उड्डाणाला ४५ मिनिटांचंच इंधन कधीच नसतं. मार्गाचं इंधन, त्यावर आकस्मिक गरजेचं, स्किपोल बंद झालं तर रॉटरडॅम किंवा ब्रसेल्ससारख्या पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर ३० मिनिटांचा राखीव साठा. आई-वडिलांनी घिरट्या घालताना काळजी करायचं कारण नाही.

वाऱ्याबद्दलही बरेच जण विचारतात. युरोपवर उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हीथ्रो-स्किपोलला त्याचा परिणाम तीन ते पाच मिनिटांचा, कारण विमान उंचावर फार वेळ नसतंच. लांब पल्ल्याला मात्र तो ठळक दिसतो. लंडन ते अथेन्स सुमारे २,४०० किलोमीटर, जाताना पावणेचार तासांच्या आत, परतताना चार तासांच्या घरात.

यातून मी लोकांना एक साधा आडाखा देतो: किलोमीटरला ८०० ने भागा, जे तास-मिनिटं येतील त्यात ४५ ते ५० मिनिटं मिळवा. हीथ्रो-स्किपोल: २८ मिनिटं अधिक ५०, म्हणजे ७८. फ्रँकफर्ट-लिस्बन सुमारे १,९०० किलोमीटर: २ तास २० मिनिटं अधिक ४५, म्हणजे तीन तास पाच मिनिटं. वेळापत्रक उघडून पाहा, जवळच येईल. आपल्याकडेही हा आडाखा चालतो. मुंबई ते दाबोळी ४२५ किलोमीटर, आणि तिकिटावर सव्वा तासाच्या आसपासच असतं. ३७१ असो की ४२५, ठरावीक ४५-५० मिनिटं दोन्हीकडे तशीच आहेत, म्हणून पन्नास-पाऊणशे किलोमीटरच्या फरकाने काही होत नाही. लंडन सिटी विमानतळ स्किपोलला हीथ्रोपेक्षा ३५ किलोमीटरने जवळ आहे. त्या कारणासाठी कोणी तो निवडत असेल तर त्याला फायदा होईल दोन-तीन मिनिटांचा. घरापासून कुठला विमानतळ जवळ पडतो, ते बघून निवडावं.

आता तुमच्या कामाचा आकडा, घर ते घर. स्लाउहून हीथ्रो अर्धा तास. विमानतळावर दोन तास आधी. टर्मिनल कुठलं ते तिकिटावर नीट बघा. नेदरलँड्सची विमान कंपनी केएलएम टर्मिनल ४ वरून जाते आणि ४ व ५ यांच्यामध्ये पायी जाता येत नाही, चुकीच्या टर्मिनलला उतरलात तर ट्रेन किंवा बस धरावी लागते. विमानाचे १ तास २० मिनिटं. स्किपोलला पासपोर्ट आणि सामान मिळून तास धरा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे हा पुरेपूर परदेश प्रवास आहे. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांमध्ये पाहुण्यांच्या ये-जा नोंदीची नवी संगणकीय प्रणाली सुरू झाली आहे, पहिल्या नोंदीला जास्त वेळ लागतो. तिथून अ‍ॅमस्टलवीन बस किंवा गाडीने अर्ध्या तासाच्या आत. एकूण सव्वापाच ते साडेपाच तास. यातला हवेतला वेळ पाऊण तासाचा.

रेल्वेचा पर्याय आहे आणि तो चांगला आहे. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाहून अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रालला युरोस्टार थेट जाते, सुमारे चार तासांत. शेंगेनची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रासलाच होते, उतरल्यावर थेट स्टेशनाबाहेर. मुलगी मध्य किंवा उत्तर लंडनमध्ये असती तर मी डोळे मिटून रेल्वेच सांगितली असती. चालणं कमी, सामानाची कटकट कमी, आणि वयस्कर माणसांना पाय मोकळे करता येतात. पण स्लाउहून सेंट पँक्रास गाठायलाच सव्वा तास, तिथे तासभर आधी पोचायचं, चार तास गाडीत, मग अ‍ॅमस्टलवीनसाठी आणखी पाऊण तास. सात तास होतात. स्लाउ आणि अ‍ॅमस्टलवीन दोन्ही आपापल्या विमानतळाच्या शेजारी आहेत, तेव्हा तुमच्या बाबतीत विमानच योग्य.

तुम्ही विचारलं नाहीत, पण अंतराचा आकडा एका ठिकाणी खरोखर महत्त्वाचा ठरतो: विमान खूप उशिरा पोचलं तर. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत भरपाईची रक्कम अंतरावर ठरते आणि ते अंतर ग्रेट सर्कल पद्धतीनेच मोजायचं असं त्यात लिहिलेलं आहे. विमानाने वळसा घेतला, फेऱ्या मारल्या, ते धरायचं नाही. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला, तीन तास किंवा अधिक उशीर झाला तर माणशी २५० युरो. हीथ्रोहून सुटणाऱ्या विमानाला ब्रिटनचा तसाच कायदा लागतो, तिथे २२० पौंड. धुकं, वादळ, हवाई नियंत्रकांचा संप अशा कारणांना रोख भरपाई नसते, खाणंपिणं आणि गरज पडल्यास हॉटेल तरीही द्यावंच लागतं. उशीर मोजायचा तो विमानाचा दरवाजा उघडण्याच्या क्षणापर्यंत. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे स्पष्ट केलं. दोन तास पंचावन्न मिनिटं उशिरा टेकलेलं विमान पोल्डरबानवरून गेटला येईपर्यंत तीन तास ओलांडू शकतं, म्हणून दरवाजा उघडला की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.

जाता जाता या मार्गाचं एक मोठेपण सांगायला हवं. केएलएमचं पहिलं नियमित उड्डाण १७ मे १९२० ला याच दोन शहरांमध्ये झालं, लंडनहून अ‍ॅमस्टरडॅमला. डी हॅविलंड डीएच १६ जातीचं भाड्याने घेतलेलं विमान, त्यात दोन पत्रकार आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. शंभराहून अधिक वर्षांनंतरही ही वाट चालूच आहे.

शेवटी तुमच्या बेताबद्दल. मुंबई-लंडन, लंडन-अ‍ॅमस्टरडॅम, अ‍ॅमस्टरडॅम-लंडन, लंडन-मुंबई असा बेत तुम्ही मांडलाय. यातला अ‍ॅमस्टरडॅम-लंडनचा तुकडा गाळून टाका. अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबईला थेट विमान आहे. तिकीट काढताना जायचं-यायचं न निवडता मल्टि-सिटी निवडा: मुंबई ते लंडन आणि अ‍ॅमस्टरडॅम ते मुंबई, हे एका तिकिटावर. हीथ्रो-स्किपोलचं तिकीट वेगळं काढा आणि त्यात मोठ्या बॅगेचे पैसे आधीच भरा. स्वस्त भाड्यात बऱ्याचदा फक्त हातातली बॅग धरलेली असते आणि आई-वडिलांजवळ मुंबईहून आणलेल्या दोन दोन मोठ्या बॅगा असणार. असं केलंत तर परतताना लॅम्बोर्नवरच्या फेऱ्या नाहीत, ब्रिटनमध्ये पुन्हा प्रवेश नाही, आणि वेगळ्या तिकिटांमुळे लंडनला मुंबईचं विमान चुकण्याची धास्ती नाही. व्हिसा दोन्ही लागतील, ब्रिटनचा आणि शेंगेनचा. शेंगेनसाठी अर्ज करताना नेदरलँड्समधूनच भारतात परतणार आहोत हे प्रवासाच्या आराखड्यात दाखवा. एकच प्रवेश मिळाला तरी या बेताला तो पुरतो. आणि तरीही लंडनमार्गेच यायचं असेल, तर अ‍ॅमस्टरडॅमहून आदल्या दिवशी निघून एक रात्र मुलीकडे मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी हीथ्रो अर्ध्या तासावर आहेच.